एकच गाडी, दोन प्रवास

एकाच डब्यात शेजारी-शेजारी बसलेले दोन प्रवासी. गाडी दोन तास उशिरा पोचते. उतरल्यावर एकाचं पहिलं वाक्य त्या दोन तासांबद्दलच असतं. दुसऱ्याला तो उशीर संध्याकाळी कुणी विचारलं तरच आठवतो. गाडी तीच, बाक तोच, उशीरही तेवढाच. मग फरक कुठे पडला? 'स्वभाव' हे उत्तर सोपं आहे, पण फारसं उपयोगाचं नाही, कारण निघायच्या आदल्या रात्री स्वभाव बदलता येत नाही. 'सकारात्मक राहा' हा सल्ला तर त्याहून पोकळ, बूट चावत असलेल्या माणसाला हसायला सांगण्यासारखा.

आपण ज्याला प्रवाशाचा दृष्टिकोन म्हणतो ती बऱ्याच बारीकसारीक गोष्टींची बेरीज असते. निघण्याआधी मनात कोणतं चित्र रंगवलं, अडचण आल्यावर तिचं खापर कुणावर फोडलं, लक्ष कुठे ठेवलं आणि परतताना आठवण म्हणून काय बरोबर आणलं. यातलं बरंचसं आधी ठरवता येतं. काही मात्र मनाच्या हातात नसतंच, ते झोपेचं आणि कानाच्या आतल्या यंत्रणेचं काम असतं. हे दोन्ही वेगळे काढले नाहीत, तर माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो.

निघण्याआधीचं चित्र

ग्राहकाचं समाधान कसं ठरतं यावर रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली मांडलेली कल्पना आजही वापरली जाते. मिळालेली गोष्ट किती चांगली आहे यापेक्षा ती अपेक्षेच्या मानाने कशी निघाली यावर समाधान जास्त अवलंबून असतं. प्रवासाला हे तंतोतंत लागू पडतं. यावरून पुष्कळांनी काढलेला निष्कर्ष असा, की अपेक्षाच ठेवू नका. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याचं कारण मोजून पाहिलेलं आहे. येरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली नेदरलँड्समधल्या दीड हजारांहून जास्त प्रौढांचा अभ्यास केला. सहलीला जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होती, पण सहलीच्या आधी. परतल्यावर दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक उरला नव्हता. अपवाद होता फक्त ज्यांची सहल अगदी निवांत झाली त्यांचा. म्हणजे वाट पाहण्यातलं सुख हा प्रवासाच्या एकूण सुखाचा मोठा हिस्सा आहे. अपेक्षाच मारून टाकल्या तर तो हिस्साही गेला.

अपेक्षा मोठी असते म्हणून अडचण होत नाही. ती अर्धवट असते म्हणून होते. मनातल्या चित्रात डोंगरावरचा सूर्योदय असतो. त्यासाठी अंधारात उठणं, गार पडलेली बोटं, रांग आणि पाठीवरची पिशवी त्यात नसते. पुढे कसं वाटेल याचा अंदाज बांधताना माणूस एकाच ठळक घटनेकडे पाहतो आणि तिच्या आजूबाजूचं सगळं गाळतो, हे टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी बऱ्याच प्रयोगांतून दाखवलं आहे. त्यात छायाचित्रांची भर पडते. प्रसिद्ध जागेचा फोटो बहुधा गर्दी नसलेल्या वेळी, नेमक्या कोनातून आणि शंभरातून निवडून काढलेला असतो. आपण तिथे पोचतो भर दुपारी.

यावर एक साधा व्यायाम आहे. सहलीतला कोणताही एक दिवस घ्या आणि जागेपणीचे १६ तास कागदावर मांडा. आवराआवर आणि सामान बांधणं २ तास, एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं ४, जेवणखाण २, रांगा आणि वाट पाहणं दीड तास, रस्ता शोधणं आणि पाय मोकळे करणं १ तास. झाले साडेदहा. ज्यासाठी आलो ते पाहायला उरतात साडेपाच तास. हा हिशेब कागदावर दिसला की दोन गोष्टी आपोआप घडतात. यादीतली सात ठिकाणं तीनवर येतात आणि उरलेले साडेदहा तास 'वाया गेलेला वेळ' न राहता प्रवासाचाच भाग होतात. मनातल्या चित्रात रांग आधीच असली, की ती समोर आल्यावर फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही.

दुसरं, 'एवढं झालं तर पुरे' ही रेषा आधीच आखून ठेवावी. पुरेसं चांगलं मिळालं की शोध थांबवणं आणि सर्वोत्तमच हवं म्हणून शोधत राहणं, असा फरक करणारा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९५६ साली मांडला. नंतरच्या संशोधनात असंही दिसलं, की सर्वोत्तम शोधणारे अनेकदा चांगली निवड करतात आणि तरीही कमी समाधानी राहतात. प्रवासात रोजची एकच गोष्ट 'आज ही व्हायलाच हवी' अशी ठरवा, शक्यतो सकाळच्या वेळात. ती झाली की दिवस वसूल. बाकीचं जे होईल तो फायदा.

उशीर आणि वाट पाहणं

प्रवासातला सगळ्यात जास्त वैताग कशात असेल तर वाट पाहण्यात. वाट पाहण्याचं मानसशास्त्र डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली नेटकेपणाने मांडलं. ते मुळात सेवा देणाऱ्यांसाठी होतं, पण प्रवाशाने ते उलट्या बाजूने वाचावं. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती वेळ थांबायचं हे माहीत नसलं तर तोच वेळ आणखी लांबतो. कारण कळलं नाही तरी लांबतो. कुणी रांग मोडून पुढे गेलं किंवा पोटात धाकधूक असली, तर तो अधिकच ताणला जातो. एकट्याने थांबणं सोबतीने थांबण्यापेक्षा जड जातं.

गाडी उशिरा आहे म्हटल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, 'कधी निघणार?' या प्रश्नाचं उत्तर समोरच्या कर्मचाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं, म्हणून तो काहीतरी सांगतो, ते खोटं ठरतं आणि राग दुप्पट होतो. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: उशिराचं कारण काय, पुढची खात्रीची माहिती किती वाजता मिळेल, आणि दुसरा पर्याय घ्यायचा ठरवला तर तो कधीपर्यंत उपलब्ध आहे. तिन्हींची उत्तरं सहसा मिळतात. मग पुढच्या माहितीच्या वेळेचा गजर लावा आणि तोवर फलकाकडे बघणं बंद करा. दर दोन मिनिटांनी फलक पाहणारा माणूस एक तास थांबत नाही, तो तीस वेळा थांबतो.

उशीर झेपेल की नाही हे मात्र घरीच ठरलेलं असतं. वेळेचे अंदाज आपण सगळं सुरळीत होईल असं गृहीत धरून बांधतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली याला नियोजनाचा भ्रम म्हटलं. उपाय त्यांच्याच विचारातून निघतो. 'मला किती वेळ लागेल' असं विचारू नका, 'याआधी या वाटेवर खरोखर किती वेळ लागला होता' असं विचारा. मागच्या तीन वेळांपैकी सगळ्यात वाईट वेळ धरून निघालात तर संयम राखण्याची वेळच फारशी येत नाही. शांत प्रवाशांच्या शांतपणाचं निम्मं रहस्य हातात राखलेल्या चाळीस मिनिटांत असतं, असं आमचं मत आहे.

खापर कुणावर फोडतो यानेही फरक पडतो. आपलं चुकलं की परिस्थिती कारण आणि दुसऱ्याचं चुकलं की त्याचा स्वभाव कारण, ही आपली सर्वांची सवय असते. खिडकीमागचा माणूस तुटक बोलला की 'इथली माणसंच उद्धट' असं एका वाक्यात सगळं गाव निकालात निघतं. मग पुढच्या प्रत्येक माणसाशी आपण आवाज चढवूनच सुरुवात करतो, तोही तसंच उत्तर देतो आणि आपलं म्हणणं खरं ठरतं. दृष्टिकोनामुळे प्रवासाचा अनुभव बदलतो तो बहुतेक इथेच, लोकांच्या वागण्यातून उलटून येऊन. 'याच्यासमोर सकाळपासून हाच प्रश्न घेऊन किती जण आले असतील' एवढा एक विचार मध्ये घातला तरी सूर खाली येतो आणि बऱ्याचदा कामही होतं.

हे ऐन वेळी सुचत नाही. म्हणून ते आधीच 'जर-तर'च्या भाषेत ठरवून ठेवावं. पीटर गोल्वित्झर यांच्या संशोधनानुसार 'मी शांत राहीन' अशा मोघम निश्चयापेक्षा 'अमुक घडलं तर तमुक करीन' असा नेमका बेत अंमलात येण्याची शक्यता जास्त असते. तीन पुरे आहेत. जोडगाडी चुकली, तर आधी पाणी पिऊन बसेन आणि मग चौकशीला जाईन. खोली ठरल्यासारखी मिळाली नाही, तर सामान उघडण्याआधी बदलून मागेन, कारण नंतर मागितली तर कारणं ऐकावी लागतात. रस्ता चुकला, तर चालणं थांबवून शेवटची ओळखीची खूण आठवेन. दहा बेत केलेत तर एकही आठवणार नाही.

धडधड, भीती आणि खरा धोका

नवी जागा, अनोळखी भाषा किंवा पहिला विमानप्रवास म्हटलं की छाती धडधडते. इथे 'शांत हो' असं स्वतःला सांगणं कठीण जातं, कारण शरीर आधीच उसळलेलं असतं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली गाणं म्हणणं, भाषण आणि गणित अशा ताण आणणाऱ्या कामांवर प्रयोग केले. 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्सुकता वाटतेय' म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस निघाली. कारण उत्सुकता आणि चिंता या दोन्हींत शरीर सारखंच जागं असतं. नाव बदलणं सोपं जातं, धडधड बंद करणं अवघड.

पण याला मर्यादा आहे आणि ती नीट लक्षात ठेवावी. हा उपाय अनोळखीपणाच्या अस्वस्थतेवर चालतो. निर्जन रस्ता, नशेतला चालक किंवा मागे लागलेला माणूस यांच्याबद्दल पोटात गोळा येतो, तो 'उत्सुकता' म्हणून झाकायचा नसतो. तिथे उतरायचं, मागे फिरायचं, गर्दीत जायचं. ओळखण्यासाठी एक प्रश्न पुरतो: मला भीती कुठल्या गोष्टीची वाटतेय, ती बोट ठेवून दाखवता येते का? दाखवता येत असेल तर बहुधा धोका आहे. नुसतंच 'कसंतरी' वाटत असेल तर ते नवखेपण असू शकतं, पण त्यातही शंका राहिली तर सुरक्षित बाजू धरावी.

जिथे मन कामाचं नाही

नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. २०१६ साली ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यामागचं एक कारण दाखवलं. पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा हलका झोपलेला असतो आणि अनोळखी आवाजाला लवकर दाद देतो. जणू अर्धा मेंदू पहाऱ्याला बसलेला. त्यामुळे पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी त्या गावाबद्दल मत बनवू नये आणि सगळ्यात दमवणारा बेतही त्या दिवशी ठेवू नये. तेच गाव तिसऱ्या दिवशी पुष्कळदा बरं वाटू लागतं.

लांबच्या विमानप्रवासात आणखी काही गोष्टींचा भार पडतो. केबिनमधल्या हवेतला दमटपणा बऱ्याचदा २० टक्क्यांच्या खाली असतो आणि आतला दाब सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेसारखा ठेवलेला असतो. घड्याळ बदलणाऱ्या देशात गेल्यावर शरीराला ढोबळमानाने दर एका तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो. पूर्वेकडे जाताना त्रास जास्त होतो, कारण बहुतेकांचं शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि त्याला पुढे ओढणं जड जातं. अशा अवस्थेत आलेली चिडचिड म्हणजे प्रवासाबद्दलचं मत नव्हे, ती झोपेची थकबाकी आहे. दिवसाच्या उजेडात बाहेर पडणं आणि तिथली रात्र झाल्यावरच झोपणं याने ती लवकर फिटते. अर्थात उजेड कोणत्या वेळी घ्यायचा हे दिशेवर अवलंबून असतं.

गाडी लागण्याचंही असंच आहे. डोळे मोबाइलवर, म्हणून ते सांगतात 'आपण स्थिर आहोत'. कानाच्या आतला तोल सांगतो 'आपण हलतोय'. या भांडणातून मळमळ येते. मन खंबीर करून काही होत नाही. पुढच्या बाजूला, हलणं कमी जाणवेल अशा जागी बसा, नजर दूर क्षितिजावर ठेवा आणि मोबाइल खिशात घाला.

डोळे आणि कॅमेरा

फोटो काढल्याने प्रवास निसटतो का? दोन्ही बाजूंनी पुरावा आहे आणि तो वाटतो तितका परस्परविरोधी नाही. लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली एका संग्रहालयात लोकांना काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितलं. ज्यांचे पूर्ण फोटो काढले त्या वस्तू नंतर कमी आठवल्या. कॅमेऱ्यावर आठवण सोपवली की मन हात झटकतं. मात्र एखाद्या बारकाव्यावर झूम करून फोटो काढला तर स्मरण घटलं नाही. २०१६ साली ख्रिस्टिन डील आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की फोटो काढणाऱ्यांना सुखद अनुभव जास्त आवडला, कारण ते त्यात जास्त गुंतले. दोन्ही एकत्र वाचा: काय टिपायचं याचा विचार करायला लावणारा फोटो लक्ष वाढवतो, सवयीने दाबलेलं बटण ते कमी करतं. म्हणून नव्या जागी पहिली दोन मिनिटं कॅमेरा बंद. मग संपूर्ण देखाव्याऐवजी त्यातला एक तुकडा निवडायचा, दाराची कडी, पाण्यावरची सावली, जे नजरेला धरेल ते.

सुंदर गोष्टीचीही सवय लागते आणि ती फार लवकर लागते. नेल्सन आणि मेव्हिस यांनी २००८ साली दाखवलं, की सुखद अनुभवात खंड पडला तर तो जास्त सुखद होतो आणि त्रासदायक अनुभवात खंड पडला तर तो जास्त त्रासदायक होतो. आपण नेमकं उलट करतो. कंटाळवाणी कागदपत्रं आणि खरेदी थोडी-थोडी करत दिवसभर लांबवतो आणि संग्रहालय मात्र सलग चार तास पायाचे तुकडे पडेपर्यंत पाहतो. कंटाळवाणी कामं एका दमात उरका. पाहण्याजोगं काही असेल तर पाऊण तासाने बाहेर येऊन बसा, मग परत आत जा.

खूप फिरलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. २०१५ साली जॉर्डी क्वाडबाख आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं, की जग फिरल्याची जाणीव असलेल्या माणसांचा साध्यासुध्या सहलीचा आस्वाद घेण्याकडे कल कमी असतो. 'यापेक्षा मोठा धबधबा पाहिलाय' हे वाक्य ओठावर आलं की समजावं. सोबत पहिल्यांदाच निघालेलं कुणी असेल तर ते वाक्य गिळून टाकावं.

सोबतीचे

शिकागोतल्या रोज ये-जा करणाऱ्या प्रवाशांवर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना वाटत होतं, की अनोळखी माणसाशी बोलण्यापेक्षा गप्प बसून प्रवास सुखाचा होईल. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. याचा अर्थ कानात इअरफोन घातलेल्या माणसाला हलवून बोलतं करावं असा नाही. वाटेची विचारपूस करून पाहावी, उत्तर एका शब्दात आलं तर पुस्तक उघडावं.

बरोबर निघालेल्यांचं गणित मात्र आधी मांडावं लागतं. जिवलग मित्रांचीही सहलीत भांडणं होतात, कारण एकाला विश्रांती हवी असते आणि दुसऱ्याला पायपीट, आणि हे कुणी बोललेलंच नसतं. निघण्यापूर्वी चार प्रश्न विचारा: सकाळी किती वाजता बाहेर पडायचं, दिवसाला किती चालायचं, रोज किती वेळ एकट्याने हवा आणि पैसे कशावर सैल सोडायचे. एक नियमही करा, की दमलेल्या आणि भुकेल्या अवस्थेत बेत बदलायचा नाही. आधी खायचं, मग ठरवायचं.

परत येताना

आठवण ही प्रवासाची सरासरी नसते. कानेमन आणि बार्बरा फ्रेडरिक्सन यांच्या १९९३च्या संशोधनातून असं पुढे आलं, की एखादा अनुभव आठवताना त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांचं वजन जास्त पडतं, तो किती वेळ चालला याचं फार थोडं. म्हणून शेवटचा अर्धा दिवस मोकळा ठेवा, हे ओघानेच आलं. मात्र तो नियम छोट्या, सलग अनुभवांवर तपासलेला होता. सायमन केम्प आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तो विद्यार्थ्यांच्या सुट्ट्यांना लावून पाहिला, तेव्हा तो फारसा सरस ठरला नाही. सर्वांत लक्षात राहिलेल्या किंवा वेगळ्या चोवीस तासांत कसं वाटलं, यावरून सुट्टीच्या एकूण आठवणीचा अंदाज अधिक चांगला बांधता आला. तेव्हा सगळा जोर शेवटावर देण्यापेक्षा मध्ये कुठेतरी एक दिवस खरोखर वेगळा जाऊ द्यावा: बिनबेताचा, उशिरापर्यंतचा किंवा चुकलेल्या रस्त्याचा.

आठवण रंगही बदलते. टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली युरोपची सहल आणि तीन आठवड्यांची सायकलफेरी करणाऱ्यांना आधी, वाटेत आणि नंतर विचारलं. आधीची अपेक्षा आणि नंतरची आठवण दोन्ही प्रत्यक्ष अनुभवापेक्षा जास्त गुलाबी होत्या. सायकलवर भिजताना वैतागलेली माणसं काही दिवसांनी तीच भिजण्याची हकिकत हसत सांगतात. यात वाईट काही नाही. फक्त पुढचा बेत या गुलाबी आठवणीवर आखला तर तीच चूक पुन्हा होते.

म्हणून प्रवासात रोज रात्री तीन ओळी लिहाव्यात. पहिलीत आज सगळ्यात जास्त वेळ कशात गेला, दुसरीत वैताग कशाचा आला आणि त्या वेळी आपण जेवलेले आणि झोपलेले होतो का, तिसरीत न ठरवता मिळालेलं काय. सात दिवसांच्या एकवीस ओळी होतात. पुढच्या वेळी तिकीट काढण्याआधी फोटो न चाळता या ओळी वाचाव्यात. तिथे लिहिलेलं असतं, की चार वेळा आलेल्या वैतागापैकी तीन वेळा दुपारचे तीन वाजून गेले होते आणि कुणीच जेवलेलं नव्हतं.